कचरा अडवला, तंतू मोकळा!

स्वदेशीची घोषणा व्यासपीठावर होते. तिची परीक्षा मात्र सीमाशुल्काच्या तक्त्यात होते. १९३० मध्ये मार्शल लॉ सोसलेल्या सोलापूरला हे निराळे सांगावयास नको. तरीही चादर-टॉवेल विणणाऱ्या या नगरीच्या पोटाशी निगडित असलेला एक क्रमांक आपल्या चर्चेत कधी येत नाही. तो क्रमांक म्हणजे ५५०३ २०.

पॉलिएस्टरचा आखूड तंतू या शीर्षाखाली येतो. खनिज तेलापासून बनलेला तंतू तेथेच आणि फेकलेल्या बाटल्या वितळवून काढलेला तंतूही तेथेच! हा दुसरा तंतू वस्त्रोद्योगाचा मानावा की प्लॅस्टिकची वस्तू, यावर अबकारी कराच्या काळात बराच वाद झाला. जुलै २०१४ च्या अर्थसंकल्पात त्यासाठी सवलतीचा वेगळा दर ठेवावा लागला. म्हणजे भेद करता येतो, हे शासनानेच दाखवून दिले आहे.

मार्च २०१९ मध्ये केंद्राने विशेष आर्थिक क्षेत्रांनाही प्लॅस्टिकचा कचरा आयात करण्यास मनाई केली. निर्णय योग्यच होता. परंतु तोच कचरा परदेशी कारखान्यात तंतू झाला की उजळ माथ्याने आपल्या बंदरात उतरू शकतो. किती आला, कोठून आला, कोणत्या भावाने आला, याची स्वतंत्र नोंदच नसेल, तर अन्याय्य आयातीविरुद्ध दाद कशाच्या बळावर मागावयाची?

‘वर्गवारी ब्रुसेल्सला ठरते,’ असे उत्तर मिळेल. ते अर्धसत्य आहे. जागतिक सीमाशुल्क संघटनेचे बंधन पहिल्या सहा अंकांपुरते. पुढचे दोन अंक भारताचे आहेत. तेथे पुनर्निर्मित तंतूला स्वतंत्र ओळ देण्यास कोणाचीही अनुज्ञा लागत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मानवनिर्मित तंतूवरील वस्तू व सेवा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला, हे स्वागतार्ह आहे. पण त्याने दर सुधारला, ओळख नव्हे.

भौगोलिक मानांकन लाभलेल्या सोलापुरी चादरीसमोर आज स्वस्त पॉलिएस्टर ब्लँकेट उभे आहे. आमचा विणकर स्पर्धेला भीत नाही. समोरचा माल कशाचा व कोठला, एवढेच त्याला कळले पाहिजे. उन्हातान्हात बाटल्या वेचणाऱ्या आपल्या बांधवांचा भावही याच नोंदीशी बांधलेला आहे. स्वतःच्या हातातील दोन अंक न वापरणाऱ्या राष्ट्राने परक्यांच्या कारस्थानाला बोल लावू नये!