पुस्तक विकत घेतलं की वापरायची परवानगी? डी अँड डी बियॉन्डच्या किमती आणि ग्राहकांचा आवाज

'स्ट्रेंजर थिंग्ज' बघितली असेल तर तळघरात टेबलाभोवती बसून फासे टाकणारी ती मुलं आठवत असतील. तो खेळ म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, थोडक्यात डी अँड डी. १९७४ साली अमेरिकेत सुरू झालेला हा खेळ पुस्तकं, कागद आणि फाशांवर चालतो. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेऊन खेळतात. नियम मात्र भरपूर, आणि आकडेमोड त्याहून जास्त.

ही आकडेमोड सोपी करणारं डिजिटल टूल म्हणजे डी अँड डी बियॉन्ड. गेल्या काही वर्षांत त्याच्या किमती आणि नियमांवरून ग्राहक आणि कंपनी यांच्यात बरेच खटके उडाले. हा खेळ तुम्ही खेळत नसाल तरी हे प्रकरण समजून घेण्यासारखं आहे. ई-बुक, गेम, सॉफ्टवेअर यातलं काहीही आपण ऑनलाइन 'विकत' घेतो, तेव्हा हाच प्रश्न आपल्यालाही लागू होतो.

टूल कुणाचं, नियम कुणाचे?

डी अँड डी बियॉन्ड २०१७ मध्ये कर्स या कंपनीने बाजारात आणलं. खेळाचे हक्क विझार्ड्स ऑफ द कोस्टकडे, म्हणजे पर्यायाने हॅस्ब्रोकडे. कर्सने त्यांच्याकडून लायसन्स घेऊन टूल बनवलं. २०१८ च्या शेवटी ते फॅन्डमकडे गेलं. २०२२ मध्ये हॅस्ब्रोने ते १४ कोटी ६३ लाख डॉलर मोजून स्वतःकडेच घेतलं. तोपर्यंत त्यावर जवळपास १ कोटी नोंदणीकृत युजर होते.

म्हणजे आधी टूलवाला वेगळा आणि हक्कवाला वेगळा होता, २०२२ नंतर दोन्ही एकच झाले. ग्राहकाच्या दृष्टीने हा बदल मोठा आहे. किंमत ठरवणारा, नियम बदलणारा आणि तक्रार ऐकणारा आता एकच.

पैसे कशाकशाचे लागतात?

इथे दोन वेगळे खर्च आहेत आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिला, पुस्तकांचा. २०२४ ची मूळ नियमपुस्तकं छापील घेतली तर प्रत्येकी ४९.९९ डॉलर, डिजिटल २९.९९ आणि दोन्ही एकत्र ५९.९९. दुसरा, सबस्क्रिप्शनचा. फुकटच्या खात्यात ६ पात्रं ठेवता येतात. हीरो टियर महिन्याला २.९९ डॉलर, मास्टर टियर ५.९९. मास्टर टियरचा खरा फायदा म्हणजे तुमची पुस्तकं तुमच्या गटातल्या इतरांनाही वापरता येतात.

आता यातली गोम बघा. छापील पुस्तक टेबलावर ठेवलं की पाचही जण चाळतात, त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत. डिजिटलमध्ये तेच शेअरिंग दरमहा विकलं जातं. शिवाय हेच पुस्तक रोल ट्वेंटी किंवा फाउंड्रीसारख्या दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर वापरायचं तर तिथे पुन्हा घ्यावं लागतं. प्रत्येक ठिकाणचं लायसन्स वेगळं, त्यामुळे खरेदी एकीकडून दुसरीकडे जात नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये विझार्ड्सच्या तेव्हाच्या अध्यक्ष सिंथिया विल्यम्स यांनी गुंतवणूकदारांसमोर सांगितलं की डी अँड डीमधून जितका पैसा यायला हवा तितका येत नाही. डंजन मास्टर हे खेळणाऱ्यांपैकी साधारण २० टक्के, पण सर्वात जास्त खर्च तेच करतात. थोडक्यात, उरलेल्या ८० टक्क्यांच्या खिशात हात कसा घालायचा, हा कंपनीपुढचा प्रश्न होता.

तीन वाद, तीन निकाल

पहिला, जानेवारी २०२३. ओजीएल हे २००० सालापासूनचं खुलं लायसन्स. त्याच्या आधारावर अनेक छोटे प्रकाशक डी अँड डीला जोडून स्वतःची पुस्तकं काढत होते. त्याच्या नव्या आवृत्तीचा मसुदा फुटला. त्यात ७ लाख ५० हजार डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर २५ टक्क्यांपर्यंत रॉयल्टी होती आणि जुनं लायसन्स रद्द करण्याची भाषा होती. लोकांनी नुसत्या पोस्ट टाकल्या नाहीत, तर डी अँड डी बियॉन्डची सबस्क्रिप्शन्स रद्द करायला सुरुवात केली. कंपनीने सुधारित मसुदा आणून सर्व्हे घेतला, त्याला १५,००० हून जास्त उत्तरं आली. ८८ टक्के लोकांनी सांगितलं की या लायसन्सखाली आम्ही काही प्रकाशित करणार नाही. २७ जानेवारीला कंपनीने पूर्ण माघार घेतली. जुनं लायसन्स तसंच राहिलं आणि खेळाचे मूलभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले झाले.

दुसरा, एप्रिल २०२४ च्या शेवटी. तोपर्यंत पूर्ण पुस्तक न घेता त्यातला हवा तो तुकडा, म्हणजे एखादा राक्षस किंवा पात्राचा एखादा प्रकार, दोन-तीन डॉलरमध्ये घेता यायचा. पुढे पूर्ण पुस्तक घेतलं तर आधी भरलेले पैसे किमतीतून वजाही व्हायचे. मार्केटप्लेस नव्याने बांधताना ही सुट्टी विक्री बंद केली. नाराजी भरपूर झाली, पण २०२३ सारखी काही दिवसांतली माघार इथे आली नाही.

तिसरा, ऑगस्ट २०२४. नवी नियमपुस्तकं येणार होती. कंपनीने जाहीर केलं की लोकांच्या पात्रांच्या शीटवर जुने मंत्र आणि जादूच्या वस्तू जाऊन नव्या आवृत्त्या येतील. इंजिनिअरच्या नजरेने बघितलं तर हे का सुचलं असेल ते कळतं. डेटाबेसमध्ये एका मंत्राची एकच नोंद ठेवणं सोपं. दोन आवृत्त्या ठेवल्या की प्रत्येक पात्र कुठल्या नोंदीला जोडलेलं आहे ते सांभाळावं लागतं, सर्चमध्ये दोन्ही दिसतात, टेस्टिंग वाढतं. पण ग्राहकाने पैसे जुन्या मजकुराचे दिले होते. चालू खेळाच्या मध्येच त्याचं पात्र बदललं, तर त्याने घेतलेली वस्तूच बदलली असा अर्थ होतो. कंपनीने काही दिवसांतच निर्णय फिरवला. जुना मजकूर 'लेगसी' असा शिक्का मारून राहिला.

मग फीडबॅक कधी चालतो?

तिन्ही वेळा लोक चिडले होते. मग दोनदा कंपनी झुकली आणि एकदा नाही, असं का?

माझ्या मते उत्तर पैसा कुठे अडकलाय त्यात आहे. २०२३ मध्ये लोकांच्या हातात दर महिन्याची सबस्क्रिप्शन होती, ती एका क्लिकवर थांबवता येत होती. ऑगस्ट २०२४ मध्ये नवीन पुस्तकं विक्रीच्या तोंडावर होती, ग्राहक नाराज करणं त्याच आठवड्यात महागात पडलं असतं. सुट्टी विक्रीच्या बाबतीत मात्र चिडलेला ग्राहक बहुतेक वेळा तोच होता जो वर्षातून एखादा तुकडा घ्यायचा. त्याच्याकडे रद्द करण्यासारखं काही नव्हतंच. त्याने आधी दिलेले पैसे कंपनीकडे पोचले होते आणि पुढचे पैसे कंपनीच्या हिशोबात किरकोळ होते.

म्हणजे सर्व्हे, तक्रारी, पिटिशन यांनी कंपनीला माहिती मिळते, दबाव येतो तो थांबलेल्या पैशातून. यात विचित्र गोष्ट अशी की आपण सबस्क्रिप्शनला शिव्या घालतो आणि 'एकदाच पैसे' हा पर्याय ग्राहकाच्या सोयीचा मानतो. पण एकदाच पैसे देऊन जे मिळतं ते दुसऱ्याच्या सर्व्हरवर असेल, तर आपला आवाज पैसे दिल्याच्या क्षणी संपतो. सबस्क्रिप्शनमध्ये निदान दर महिन्याला मत देता येतं.

याला उत्तर म्हणजे घेतलेली गोष्ट खरोखर आपल्या ताब्यात असणं. फाउंड्री हे टूल एकदाच ५० डॉलरला मिळतं आणि आपल्या स्वतःच्या मशीनवर चालतं. पाथफाइंडर या दुसऱ्या खेळाचे नियम आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या साइटवर फुकट आणि अधिकृतपणे वाचता येतात. तिथे कंपनी पुस्तकं विकते, नियम अडवून ठेवत नाही.

कायदाही हळूहळू जागा होतोय. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार, डिजिटल वस्तूची फक्त परवानगी देत असाल तर ते स्पष्ट न सांगता 'विकत घ्या' असं लिहिता येत नाही.

विकत घेण्याआधी चार प्रश्न

१. ही फाइल डाउनलोड होते का, की फक्त लॉगिन केल्यावरच दिसते?

२. कंपनीने मजकूर बदलला तर मी घेतलेली आवृत्ती राहते का?

३. घरच्यांना किंवा गटातल्या लोकांना वापरू द्यायचे वेगळे पैसे लागतात का?

४. उद्या मी नाराज झालो, तर थांबवता येईल असं माझ्या हातात काय आहे?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर 'काहीच नाही' असं येत असेल, तर ती किंमत परवानगीची आहे असं समजूनच द्या. आणि छापील प्रत अवघ्या वीस डॉलरच्या फरकाने मिळत असेल, तर तो फरक कशाचा आहे हेही आता तुम्हाला माहीत आहे.