हवेलीतील सीएसआरच्या जुन्या नोंदी गावापर्यंत पोहोचवा

मा. जिल्हाधिकारी,
दादरा आणि नगर हवेली, सिल्वासा



कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान 2 टक्के सामाजिक कामावर, म्हणजे सीएसआरवर, खर्च करावे लागतात, आणि त्यात आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे तोच कायदा सांगतो. मसाट, रखोली, नरोलीत कारखाने आहेत. खानवेल, मांदोणी, दुधनीकडच्या पाड्यांवर वारली आणि कोकणा मुलांसाठी काम करणाऱ्या लहान संस्थांना पैसा हवा आहे. ओळख नसलेली संस्था मात्र एकच अर्ज घेऊन दिसेल त्या फाटकावर उभी राहते. देणगीदार शोधायचा तो त्याच्या जुन्या नोंदींतून, असे माझे ठाम मत आहे. धोरणपत्रात शिक्षण, आरोग्य, पर्यावरण असे सगळेच लिहिता येते. पैसा कुठे गेला, हे खर्चाची नोंदच सांगते.

सप्टेंबर 2022 मध्ये नियम बदलेपर्यंत कंपनीच्या वार्षिक अहवालात प्रकल्प, जिल्हा, रक्कम आणि काम करणारी संस्था असे कोष्टक असे. नव्या नमुन्यातून ते गेले. मंजूर प्रकल्प संकेतस्थळावर टाकण्याचे बंधन मात्र आहे. असे तीन-चार वर्षांचे तपशील शेजारी ठेवले की कोण एकदाच इमारत बांधून थांबते आणि कोण दरवर्षी शिक्षकांच्या मानधनाचा भार उचलते, ते कळते. माझ्या मते सर्वांत मोलाचा रकाना काम करणाऱ्या संस्थेचा. 2021 च्या नियमांनुसार कंपनीबाहेरच्या स्वतंत्र संस्थेला केंद्र सरकारकडे सीएसआर-1 नोंदणी आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव आवश्यक आहे. ज्या नव्या गटाकडे तो नाही, त्याने आधी या रकान्यातल्या संस्थेशी बोलावे, तिच्यासोबत काम करावे.

ही माहिती केंद्राच्या सीएसआर पोर्टलवर आहेच, असे कोणी म्हणेल. आहे, पण 26 जानेवारी 2020 पासून दमण आणि दीवही याच केंद्रशासित प्रदेशात आहेत, त्यामुळे प्रदेशाच्या एकत्रित आकड्यावरून खानवेलला काय मिळाले ते समजत नाही. अर्जांचा पूर येईल, ही कंपन्यांची भीतीही मला पटत नाही. अंदाजाने धाडलेले अर्जच जास्त असतात. कोण कशाला पैसे देते हे कळले की ते कमी होतील. मागची देणगी पुढच्या देणगीची हमी नाही, हा आक्षेप मात्र खरा आहे. तरीही नोंदीत एखादे गाव कधीच आले नसेल, तर परिसराच्या प्राधान्याचा मुद्दा त्या गावाला पुराव्यानिशी मांडता येतो.

म्हणून विनंती अशी: कलम 135 लागू झाले त्या 2014-15 पासूनच्या नोंदी आपल्या कार्यालयाने एकत्र कराव्यात, अहवालात नसलेले गावाचे नाव कंपन्यांकडून मागवावे आणि ही यादी मराठी व गुजरातीत प्रत्येक ग्रामपंचायतीत ठेवावी. दरवर्षी ती अद्ययावत व्हावी.

आपला नम्र,
सिल्वासातील एक नागरिक