कीपरसाठी घाई नको!

खिशात १०० पॉइंट आहेत, समोर सात दोस्त बसलेत आणि लिलावात पहिलंच नाव पुकारलं जातं, ऋषभ पंत! तुम्ही काय कराल?

मी काय केलं ते सांगतो. हात वर केला आणि ३२ पॉइंट होईपर्यंत खाली घेतलाच नाही. आयपीएल २०२५ सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. कळमेश्वरला एका मित्राच्या गच्चीवर आमचा कागदी लिलाव होता. आठ जण, प्रत्येकाला ११ खेळाडू घ्यायचे, त्यात कीपर एकच. एका रनला १ पॉइंट, एका विकेटला २५. खऱ्या लिलावात लखनौनं पंतला २७ कोटींना घेतलं होतं. म्हटलं, एवढे पैसे मोजणारे काय वेडे आहेत का?

वेडे नव्हतेच. त्यांना कीपरसोबत कॅप्टनही हवा होता. आपल्या कागदावर कॅप्टन्सीचे पॉइंट शून्य. हा फरक माझ्या डोक्यात शिरला तोवर सीझन संपला होता.

आमच्यातल्या एकीनं शेवटच्या फेरीत ३ पॉइंटला अमरावतीचा जितेश शर्मा उचलला. सगळे हसले, ‘विदर्भ प्रेम’ म्हणून. २७ मे रोजी लखनौ आणि बंगळुरू समोरासमोर आले. पंतनं नाबाद ११८ ठोकले आणि मी गच्चीवर नाचलो. मग जितेशनं ३३ चेंडूंत नाबाद ८५ काढून मॅच फिरवली. सीझनअखेर हिशेब केला, पंत २६९ रन, जितेश २६१. म्हणजे मी आठ रननं जिंकलो आणि त्यासाठी २९ पॉइंट जास्त मोजले!

हे २९ पॉइंट कुठं लागले असते? बॉलरवर. त्या सीझनमध्ये प्रसिद्ध कृष्णानं २५ विकेट घेतल्या, आमच्या हिशेबानं ६२५ पॉइंट. असे बॉलर दोन-चारच निघतात. माझ्याकडं मात्र उरल्यासुरल्या पॉइंटांत आलेले, अर्धा सीझन बाकावर बसणारे बॉलर होते. मी शेवटून पहिला आलो.

मुद्दा पंत वाईट की जितेश चांगला, हा नाहीच. कुणाची बॅट कधी चालेल हे कुणालाच माहीत नसतं. म्हणूनच तर एकाच जागेवर सगळा खिसा रिकामा करायचा नाही! आपल्या भागातल्या ज्यांनी कळमन्याच्या मार्केटात संत्र्याची बोली पाहिली आहे, त्यांना हे सांगायची गरज नाही. सारख्या मालाचे दहा ढीग पडले असतील, तर पहिल्या ढिगावर कुणी जीव टाकत नाही.

कीपरचं तसंच आहे. आयपीएलमध्ये १० टीम, म्हणजे खेळणारे कीपर किमान १०. तुम्ही आठ जण, प्रत्येकाला हवा एक. दोन तरी उरणारच. त्याच सीझनला पंजाबनं ४ कोटींत राखलेल्या प्रभसिमरननं ५४९ रन केले, मुंबईच्या १ कोटीच्या रिकल्टननं ३८८.

मग थांबायचं किती? त्यालाही साधा हिशेब आहे. तुम्हाला चालतील असे किती कीपर उरलेत ते मोजा. अजून किती जणांनी कीपर घेतलेला नाही, तेही मोजा, स्वतःला धरून. पहिला आकडा मोठा आहे तोवर गप्प बसा. दोन्ही सारखे झाले, की हात वर करा. त्यानंतर थांबलात, तर तो संयम नाही, आळस आहे. आणि हो, तुमच्या नियमात दोन-तीन कीपर चालत असतील, तर हे गणित बदलतं. मग ओपनिंगला येणारा कीपर म्हणजे सरळ बॅट्समनच समजा.

‘एवढं डोकं खेळात काहून लावतं बे?’ असं मला विचारतात. कारण घाईची किंमत मी याआधीही पाहिली आहे. एका मित्रानं एका ॲपवर मेसचे पैसे लावले होते. पहिल्या मोठ्या नावाला कॅप्टन केलं, पैसे गेले, ते भरून काढायला पुन्हा लावले. महिनाभर तो आमच्या डब्यात जेवला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून पैशांचे असे ऑनलाइन खेळ बंद केले. बरंच झालं. आमच्या गच्चीवर हरणाऱ्यानं फक्त सगळ्यांसाठी चहा करायचा.

पैसे गेले तरी सवय राहतेच, पहिलं चकचकीत नाव दिसलं की हात वर करायची. ती मोडायला कागदी लिलावासारखी स्वस्त शाळा नाही. तेव्हा पुढच्या सीझनला पहिलं नाव पुकारलं जाईल, तेव्हा हात खिशात ठेवा आणि मोजायला लागा.

माझं म्हणाल, तर मागच्या वेळी आठ कप चहा केला. आता आयता प्यायचाय.