शिक्का कोणाच्या सातबाऱ्यावर?

७ ऑक्टोबर २०२३ पासून परदेशातल्या मराठी मंडळांत एक वाद कधी उघडपणे, कधी दबक्या आवाजात चालू आहे. एक पक्ष म्हणतो, हमासने त्या दिवशी सुमारे १२०० माणसं मारली, २५१ जणांना ओलीस धरून नेलं, मग इस्रायलने करायचं तरी काय होतं? दुसरा पक्ष गाझातल्या मृतांचा आकडा पुढे ठेवतो. तिथल्या आरोग्य खात्याच्या नोंदीत तो २०२५ मध्येच साठ हजारांच्या पुढे गेला होता. मग पहिला तीन हजार वर्षांपूर्वीचं जेरुसलेम काढतो, दुसरा १९४८ साल काढतो, आणि खरं दुःख कोणाचं, या प्रश्नावर गाडी रुतते. एकाचं दुःख खरं मानलं तर दुसऱ्याचं खोटं ठरलंच पाहिजे, असं दोघंही धरून चालतात. माझ्या मते वादाची पहिली चूक इथेच होते. ती दाखवण्यासाठी मी पुणे जिल्ह्यातल्या शिरूर आणि दौंड तालुक्यांकडे बोट दाखवणार आहे. कारण जमीन गमावलेला माणूस आणि ज्याच्या जमिनीवर त्याला बसवायचं ठरलं तो माणूस, हे दोघं समोरासमोर आले की काय होतं, हे तिथल्या शेतकऱ्याला चांगलं ठाऊक आहे.

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेला पाऊस आणि धरणं, पूर्वेला पाण्याची वाट बघणारं रान. चासकमानचा डावा कालवा शिरूरकडे येतो, मुठेचा उजवा कालवा हवेलीतून दौंड-इंदापूरला जातो. ज्यांची गावं धरणाच्या पोटात गेली त्यांना पर्यायी जमीन द्यायची तर ती आणायची कुठून? १९७६ च्या आणि नंतर १९८६, १९९९ च्या पुनर्वसन कायद्यांनी याचं उत्तर दिलं, की लाभक्षेत्रातून. कालव्याचं पाणी ज्याच्या शेताला मिळणार, त्याची जमीन ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असेल तर त्यातला काही भाग धरणग्रस्तासाठी घ्यायचा. धरणग्रस्ताने आपल्या मोबदल्यातली ६५ टक्के रक्कम शासनाकडे भरायची आणि जमीन मागायची. दरम्यान लाभक्षेत्रातल्या सातबाऱ्यावर, ‘इतर हक्क’ या रकान्यात, पुनर्वसनासाठी राखीव असल्याचा शिक्का बसतो. तो बसला की जमीन विकायची सोय नाही, भावाभावांत वाटून घ्यायची सोय नाही. प्रत्येक गोष्टीला वरची परवानगी. पोरीच्या लग्नाला अर्धा एकर काढावा म्हटलं तरी खरेदीखत अडतं. शिरूर-दौंडकडे नुसतं ‘शिक्के’ म्हटलं तरी पुरतं, कसले शिक्के ते कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

या व्यवस्थेत मुळात न्याय होता. ज्याला फायदा, त्याच्यावर थोडा भार. पण भामा आसखेड धरणाच्या बाबतीत तो न्याय मध्येच तुटला. धरण खेड तालुक्यात झालं, तिथल्या लोकांची घरं-शेतं गेली आणि पर्यायी जमिनीसाठी खेड, हवेली, दौंड तालुक्यांत शिक्के पडले. कालव्याचं पाणी मात्र दौंडपर्यंत आलंच नाही. २०२१ मध्ये त्या धरणाचं पाणी जलवाहिनीने पुण्याच्या पूर्व भागातल्या नळांना पोचलं. म्हणजे गाव बुडालं खेडमधल्या माणसाचं, पाणी प्यायलं शहर आणि शिक्का उरला दौंडकराच्या उताऱ्यावर. खेडचा धरणग्रस्त ‘आम्हाला जमिनीला जमीन द्या’ म्हणून आंदोलनाला बसला, दौंडचा शेतकरी ‘शिक्के काढा’ म्हणून निवेदनं देत राहिला. दोघांच्या मागण्या एकमेकींना छेद देणाऱ्या आणि दोन्ही रास्त. असे वाद झाले तिथे मोजणी अडली, ताब्यावरून हमरीतुमरीही झाली. तरी शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याने ‘तुमचं गाव बुडालंच नाही’ असं धरणग्रस्ताला म्हटलेलं नाही. धरणग्रस्तानेही ‘ही जमीन तुझी कधी नव्हतीच’ असं त्याला सुनावलं नाही. दोघांचेही मोर्चे शेवटी एकाच दारावर गेले. कर्ज ज्याने केलं, त्या शासनाच्या दारावर.

हीच मोजपट्टी आता पॅलेस्टाइनला लावून पाहू. युरोपातल्या ज्यूंना हाकललं कोणी? युरोपने. जर्मनीत छळ सुरू झाल्यावर १९३८ मध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँ इथे बत्तीस देशांची परिषद भरली. सहानुभूती सगळ्यांनी दाखवली, दार जवळजवळ कोणीच उघडलं नाही. अमेरिकेने १९२४ च्या कायद्याने स्थलांतरितांचे कोटे आधीच आवळले होते. ब्रिटनने १९३९ मध्ये पॅलेस्टाइनमधला ज्यूंचा प्रवेशही पाच वर्षांत ७५ हजारांवर रोखला. त्यानंतर साठ लाख ज्यू मारले गेले आणि जे वाचले त्यांतले लाखो युद्ध संपल्यावरही छावण्यांत पडून होते. जगातला कुठलाही धरणग्रस्त एवढा उद्ध्वस्त झालेला नसेल. या माणसांना जमीन हवी होती, हे नाकारायला दगडाचं काळीज लागेल. पण शिक्का बसला कोणाच्या उताऱ्यावर? ज्याने ना छावण्या चालवल्या, ना परिषदेत हात वर केला, अशा जाफा आणि लोदच्या शेतकऱ्याच्या. २९ नोव्हेंबर १९४७ ला संयुक्त राष्ट्रांत ३३ विरुद्ध १३ मतांनी फाळणीचा ठराव झाला. लोकसंख्येत एक तृतीयांश आणि जमिनीच्या मालकीत सहा-सात टक्के असलेल्या ज्यूंच्या राज्याला निम्म्याहून जास्त भूभाग देऊ केला गेला. भारताने त्या ठरावाविरुद्ध मत दिलं, संघराज्याची पर्यायी योजना पुढे केली आणि तरीही १९५० मध्ये इस्रायलला मान्यता दिली. आज अनेकांना ही भूमिका डळमळीत वाटते. मला ती त्या काळातली सर्वांत विचारी भूमिका वाटते.

जमीन पैसे मोजून घेतली होती, हे उत्तर इथे हमखास येतं, आणि ते अंशतः खरंही आहे. पण घेतली कोणाकडून? १८५८ च्या तुर्की जमीन कायद्यानंतर कर आणि सैन्यभरतीच्या भीतीने अनेक गावांच्या जमिनी बड्या घराण्यांच्या नावावर चढल्या. बैरुतच्या सुर्सुक घराण्याने जेझरीलच्या खोऱ्यातली काळीभोर जमीन १९२० च्या दशकात ज्यू संस्थांना विकली आणि पिढ्यान्‌पिढ्या ती कसणारी कुळं उठली. १९३० च्या ब्रिटिश चौकशी अहवालांतही या भूमिहीनांचा प्रश्न आहे. ‘कूळ’ हा शब्द मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. मुंबई राज्याचा कूळकायदा १९४८ चा आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. कसणाऱ्याचा हक्क खरेदीखतापेक्षा मोठा असू शकतो, हे आपण कायद्याने मान्य केलं. त्याच १९४८ मध्ये पॅलेस्टाइनमधून सुमारे सात लाख माणसं विस्थापित झाली. तुर्की काळातला ‘कुशान’ म्हणजे जमिनीचा उतारा आणि घराची किल्ली त्यांनी बरोबर नेली. १९५० मध्ये इस्रायलने गैरहजर मालकांच्या मालमत्तेचा कायदा केला आणि त्या जमिनी सरकारजमा झाल्या. लढाईत शेजारच्या गावाला पळालेले आणि इस्रायलमध्येच राहिलेले, तिथले नागरिक झालेले लोकसुद्धा या कायद्याने गैरहजर ठरले. त्यांना नाव पडलं ‘हजर-गैरहजर’. आपला उतारा हातात घेऊन तलाठ्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला ‘तू इथे नाहीस’ म्हणण्यासारखंच हे झालं.

यावर गंभीर आक्षेप आहेत. पहिला असा, की खेडच्या माणसाचं दौंडशी काही नातं नव्हतं, ज्यूंचं त्या भूमीशी आहे, प्रार्थनेत रोज तिचं नाव आहे. हे पूर्ण मान्य. माझी तुलना इथे अपुरी पडते आणि ज्यूंना नुसते परके वसाहतवाले म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण त्या नात्याने येण्याचा, राहण्याचा हक्क मिळतो. आधीपासून राहणाऱ्याला उठवण्याचा हक्क त्यातून निघत नाही. दुसरा आक्षेप, अरब नेत्यांनी फाळणी नाकारली, शेजारी देशांनी सैन्य घातलं, मग परिणाम भोगावेत. नेत्यांची ती चूक होती असं मानलं, तरी पुढाऱ्याने चेक नाकारला म्हणून गावातल्या विधवेचा मोबदला बुडतो का? तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. इराक, येमेन, मोरोक्को, इजिप्तमधून काही लाख ज्यूही बाहेर पडले. इराकमधून १९५०-५१ मध्ये लाखाहून जास्त ज्यू गेले आणि त्यांची मालमत्ता सरकारने गोठवली. हा अन्याय आपल्या चर्चांत जवळजवळ कधी येत नाही, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. पण त्याची वजावट पॅलेस्टिनींच्या खात्यातून करता येत नाही. बगदादच्या ज्यूचं देणं बगदादकडे आहे, लोदच्या कुटुंबाकडे नाही.

आपल्याकडे कायदा होता, न्यायालय होतं, तिथे युद्ध होतं, असंही म्हटलं जाईल. कायदा काही आपोआप उगवला नाही. मुळशीचा धरणाविरुद्धचा सत्याग्रह १९२१ चा आणि पहिला पुनर्वसन कायदा १९७६ चा. सेनापती बापटांच्या लढ्यानंतर पंचावन्न वर्षं गेली. तिथे हा पल्ला अजून गाठायचा आहे आणि हिंसा त्याला दर वेळी मागे ढकलते. ७ ऑक्टोबरला किबुत्झांमध्ये आणि संगीत महोत्सवात जे झालं, ती कत्तल होती. जुन्या दाव्याने ती धुतली जात नाही आणि जो तिचं समर्थन करतो त्याच्याशी मला जमिनीच्या हक्काबद्दल बोलायचं नाही. त्याच न्यायाने, ओलीस सोडवण्याच्या नावाखाली वस्त्याच्या वस्त्या सपाट करणं आणि अन्न रोखून धरणंही समर्थनीय ठरत नाही. आज त्या भूमीवर सत्ता, सैन्य आणि नोंदवही इस्रायलच्या हातात आहे. वेस्ट बँकमध्ये, पूर्व जेरुसलेम सोडूनही, पाच लाखांच्या आसपास इस्रायली वसाहतवाले आहेत. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९ जुलै २०२४ च्या अभिमतात १९६७ पासूनचा ताबा बेकायदा म्हटला आणि वसाहती हटवायला सांगितलं. युरोपातून आलेल्या निर्वासितांबद्दल जी कणव मला वाटते, ती आज नव्याने टेकड्या बळकावणाऱ्यांना उसनी देता येत नाही. आणि मूळ कर्ज ज्यांनी केलं त्या ब्रिटन-युरोपने आज दोन्ही बाजूंना उपदेश करून हात झटकावेत, हेही मला पटत नाही. दार त्यांचंच वाजवलं पाहिजे.

हे सगळं आपण मराठी माणसांनी कशाला बोलायचं, असं काहीजण विचारतील. त्यांना उत्तर शिरूर तालुक्यातच मिळेल. १८१७ च्या शेवटच्या रात्री शिरूरच्या छावणीतून निघालेली इंग्रज कंपनीची तुकडी दुसऱ्या दिवशी कोरेगावला लढली. त्या लढाईच्या स्तंभावर कोरलेल्या नावांत महार, मराठे, रजपूत, मुसलमान यांच्यासोबत एक-दोन ज्यू शिपाईही असावेत, असा अभ्यासकांचा कयास आहे. कोकणातून आलेले, तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले हे बेने इस्रायल आपल्या भाषेत जगले. भारतातून त्यांना कोणी हाकललं नव्हतं. १९४८ नंतर ते श्रद्धेने गेले. तिथे गेल्यावर त्यांच्या ज्यूपणावरच शंका घेतली गेली, लग्नं अडवली गेली, आणि १९६४ मध्ये सरकारला त्यांना सर्वार्थाने ज्यू म्हणून जाहीर करायला त्यांनीच भाग पाडलं. ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक त्यांनी इस्रायलमधून काढलं.

यांतली बरीच कुटुंबं दिमोना, बेरशेबा, अश्दोद आणि लोद इथे वसवली गेली. शासनाने जिथे घर दिलं, तिथे ती राहिली. पुनर्वसितांच्या हातात निवड नसतेच. लोद आणि शेजारच्या रामलामधून जुलै १९४८ मध्ये पन्नास ते सत्तर हजार अरबांना भर उन्हात बाहेर काढलं गेलं. त्यांच्यातल्या अनेकांचे वंशज आजही रामल्लाजवळच्या अमारी छावणीत राहतात. लोदच्या मराठी घरात मंगलकार्याला प्रेषित एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिद्याचं ताट मांडतात. पोहे, ओलं खोबरं, गूळ, वर फळं. अलिबागकडच्या आजीने शिकवलं तसंच. त्या घरातल्या माणसाने कोणालाही उठवलेलं नाही. अमारीतल्या माणसानेही कुठल्याही ज्यूला युरोपातून हाकललेलं नाही. एकाकडे घराची किल्ली आहे जी कुठल्याच कुलपाला लागत नाही, दुसऱ्याकडे घर आहे ज्याचा आधीचा उतारा त्याला कोणी दाखवलेला नाही.