मताखालची तारीख

८ मे २०२५ च्या रात्री, भारत-पाकिस्तान लढाई चालू असताना, अनेक हिंदी-इंग्रजी वृत्तवाहिन्यांनी कराची बंदर पेटवले, त्या कामगिरीवर ‘आयएनएस विक्रांत’ धाडली, इस्लामाबादेत भारतीय फौजा घुसवल्या आणि पाकिस्तानचे लष्करप्रमुख असीम मुनीर यांना अटकसुद्धा करून टाकली. हे सगळे स्टुडिओत बसून. पडद्यावर नकाशे लाल होत होते, मागे हवाई हल्ल्याचे भोंगे वाजत होते आणि घराघरांतली वडीलधारी मंडळी झोपायचे विसरली होती. उजाडले तेव्हा कराची बंदर जागच्या जागी होते, इस्लामाबादही होते आणि मुनीर तर होतेच. ११ मे रोजी व्हाइस अ‍ॅडमिरल ए. एन. प्रमोद यांनी पत्रकारांना सांगितले, की कराचीसह किनाऱ्यावरच्या लक्ष्यांवर मारा करण्याच्या पूर्ण तयारीत नौदल होते. तयारीत होते, म्हणजे मारा झालेला नव्हता. एका मोठ्या वाहिनीवर निवेदिकेने प्रेक्षकांची माफी मागितली. बाकीचे पुढच्या बातमीकडे वळले.

भोंग्यांच्या बाबतीत तर सरकारलाच बोलावे लागले. नागरी संरक्षण विभागाने १० मे रोजी वाहिन्यांना सूचना काढली, की जनजागृतीचा कार्यक्रम सोडला तर इतरत्र हा आवाज वापरू नका. सारखा कानावर पडला तर खरा हल्ला होईल त्या दिवशी लोक जागचे हलणार नाहीत.

त्याच संध्याकाळी लढाई थांबली. आधी डोनाल्ड ट्रम्प यांनी समाजमाध्यमावर जाहीर केले, मग परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांनी कॅमेऱ्यासमोर येऊन दोन-तीन वाक्यांत सांगितले. निर्णय सरकारचा होता, सांगणारा अधिकारी होता. पण ज्यांना रावळपिंडीपर्यंत जायचे होते त्यांनी राग काढला तो मिस्रींवर आणि त्यांच्या कुटुंबावर. त्यांना आपले ‘एक्स’वरचे खाते कुलूपबंद करावे लागले. त्याआधी, पहलगामच्या २२ एप्रिलच्या हत्याकांडात नवरा गमावलेल्या एका तरुणीने, मुसलमानांवर किंवा काश्मिरींवर सूड उगवू नका, एवढेच म्हटले होते. लग्नाला आठवडाही झाला नव्हता तिच्या. तिलाही लोकांनी सोडले नाही. अखेर राष्ट्रीय महिला आयोगाने निषेधाचे पत्रक काढले. पहलगामच्या २६ मृतांत महाराष्ट्रातले सहा जण होते, त्यांतले तिघे डोंबिवलीचे. त्यांच्या दारातला शोक खरा होता. तिची खिल्ली उडवणाऱ्यांपैकी कितीजण असल्या दारात जाऊन बसले असतील?

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. ३१ मे रोजी सिंगापूरमध्ये संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी मुलाखतीत मान्य केले, की पहिल्या टप्प्यात भारताने विमाने गमावली. किती पडली यापेक्षा का पडली हे महत्त्वाचे. चूक शोधली, सुधारली आणि पुन्हा उड्डाणे केली, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. ज्यांनी प्रत्यक्ष लढाई केली त्यांच्या प्रमुखाने तीन आठवड्यांत हिशेब द्यायला सुरुवात केली. ज्यांनी खुर्चीत बसून लढाई केली, त्यांच्याकडे त्या रात्रीच्या कराचीचा हिशेब आजवर कोणी मागितलेला नाही.

या दिवाळी अंकाच्या संपादकांची तक्रार मतांविषयी नाही. जगातल्या लढायांबद्दल मराठी माणसाला मत नाही, असे आजवर कधी झालेले नाही. जपानने १९०५ मध्ये रशियाला हरवले, तेव्हा त्या विजयाचा अर्थ पुण्या-मुंबईच्या पत्रांनी हिरिरीने लावला होता. तक्रार आहे ती बिनतारखेच्या मतांविषयी. आज सकाळी मांडायचे, संध्याकाळी पुसायचे आणि उद्या नेमके उलटे तितक्याच ठसक्यात मांडायचे, अशा मताला आगापिछा नसतो. त्याला जाब विचारायची सोय नसते.

जाब कसा विचारला जातो, याचे एक उदाहरण पुण्याच्या नावाशी जोडलेले आहे.  १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले आणि सहावी पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये उतरली. मराठा पलटणी तिच्यात होत्या. सुरुवात झकास झाली. बसरा पडले, तैग्रिसच्या काठाने फौज वर सरकत गेली आणि बगदाद आता आलेच, असे लंडनला वाटू लागले. नोव्हेंबर १९१५ च्या आरंभी पंतप्रधान अ‍ॅस्क्विथ यांनी पार्लमेंटमध्ये सांगितले, की इतकी काळजीपूर्वक आखलेली आणि इतकी उत्तम पार पडलेली मोहीम या युद्धात दुसरी झालेली नाही. तीन आठवडेही झाले नाहीत तोच बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला फौजेचे कंबरडे मोडले. फौजेचे सेनापती जनरल टाउनशेंड मागे हटून कूत अल-अमाराला आले, डिसेंबरात तुर्कांनी वेढा घातला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी, उपासमारीने खंगलेल्या सुमारे तेरा हजार जणांनी शरणागती पत्करली. वेढ्यात घोडे कापून खायची पाळी आली, तेव्हा अनेक हिंदी शिपायांनी धर्मासाठी ते मांस नाकारले आणि ते आणखी खंगले. कैदेत हजारो मेले.

पण गोष्ट तिथे संपली नाही. ब्रिटिश सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. जखमींना कसे हलवले, औषधे का पोचली नाहीत, नदीत बोटी पुरेशा नसताना पुढे जाण्याचा हुकूम कोणी दिला, हे सारे १९१७ मध्ये छापून बाहेर आले. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. साम्राज्य होते, युद्ध चालू होते, सेन्सॉर होता. तरी एका मंत्र्याची खुर्ची गेली. आपल्याकडे लोकशाही आहे, चोवीस तास वाहिन्या आहेत. खुर्ची सोडाच, कोणाचा रात्रीचा नऊचा कार्यक्रमही गेल्याचे दिसत नाही.

साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचे गाव आहे. लोक त्याला ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणून ओळखतात. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान पडले, आणि आजही तिथल्या घराघरांतला कोणी ना कोणी फौजेत असतो. अशा गावात युद्धाबद्दल मत असतेच. ते सावकाश मांडले जाते, एवढेच.

जाणकारांचे अंदाज चुकत नाहीत असे मात्र कोणी समजू नये. ८ जुलै २०२१ रोजी अध्यक्ष बायडेन म्हणाले, की तालिबान सगळा अफगाणिस्तान ताब्यात घेतील ही शक्यता फार कमी. १५ ऑगस्टला काबूल पडले. फेब्रुवारी २०२२ मध्ये कीव ७२ तासांत पडू शकते असा इशारा अमेरिकी सेनाधिकाऱ्यांनी खासदारांना दिल्याच्या बातम्या होत्या. कीव अजून उभे आहे. सीरियाचे बशर अल-असद यांना मे २०२३ मध्ये अरब लीगने पुन्हा पंगतीत बसवले, कारण ते जिंकले असेच सगळे धरून चालले होते. डिसेंबर २०२४ मध्ये बारा दिवसांत त्यांचे राज्य कोसळले.

सर्वांत बोलके उदाहरण मात्र छापखान्यातले आहे. अमेरिकेचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार जेक सलिवन यांनी २०२३ च्या सप्टेंबरअखेरीस, पश्चिम आशिया गेल्या दोन दशकांत नव्हता इतका शांत आहे, असे जाहीरपणे म्हटले. त्याच सुराचा त्यांचा दीर्घ लेख ‘फॉरेन अफेअर्स’ या नियतकालिकात येत होता. अंक छपाईला गेला आणि ७ ऑक्टोबर उजाडला. संकेतस्थळावरचा लेख घाईघाईने बदलला गेला. कागदावरचा कसा बदलणार? तो तसाच वाचकांच्या हाती पडला. सलिवन यांची फजिती झाली हे खरे, पण ज्याला त्या काळच्या वॉशिंग्टनला काय वाटत होते हे पाहायचे आहे, त्याच्या उपयोगी तो छापील लेखच पडेल. दिवाळी अंक काढणाऱ्याला हे वाचून थोडा धीर येतो आणि थोडी धडकीही भरते.

काहींची मते तर खिशातून निघतात. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधल्या हूथींनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, तेव्हा नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांना येमेनचा नकाशा पाठ झाला. न्हावा-शेवाहून युरोपला जाणारा माल सुएझऐवजी आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागला. प्रवासात दहा-बारा दिवसांची भर आणि कंटेनरचे भाडे चढलेले. नाशवंत मालाला दहा दिवस म्हणजे काय, हे बागायतदाराला कोणा तज्ज्ञाने सांगावे लागत नाही. काहींची मते नात्यातून येतात. २०२५ च्या जूनमध्ये इराणचे क्षेपणास्त्र इस्रायलमधल्या बेरशेबातल्या सोरोका रुग्णालयावर पडले. त्या शहरात रायगडच्या किनाऱ्यावरून गेलेल्या बेने इस्रायली ज्यूंची घरे आहेत, आणि त्यांच्या थोरल्या पिढीच्या तोंडी अजून मराठी आहे. गाझामधल्या मृतांची संख्या तिथल्या आरोग्य खात्याच्या आकड्यांनुसार ऑक्टोबर २०२५ पर्यंत ६५ हजारांच्या पुढे गेली होती. या दोन वाक्यांतले एकच ज्याला ऐकू येते, त्याचे मत कोणत्याही बाजूचे असो, अर्धेच आहे.

२०२५ च्या मे महिन्यात पुण्याच्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदे घेणे थांबवले, कारण तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली होती. त्यातून तुर्कस्तानचे धोरण बदलेल असे कोणी मानू नये. पण त्या मताची किंमत मांडणाऱ्याने स्वतःच्या गल्ल्यातून मोजली, हेही नाकारता येत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात दुबईला आशिया चषकात भारत-पाकिस्तान तीनदा खेळले. हस्तांदोलन नाही, चषक स्वीकारणे नाही. सामने मात्र झाले आणि जाहिरातीही झाल्या. सफरचंदवाल्यांना जे जमले ते क्रिकेटवाल्यांना का जमू नये, यावर बहुपक्षीय स्पर्धेचे नियम पुढे केले जातात. नियम असतीलही. व्यापाऱ्यांनाही नियम दाखवता आले असते.

यंदाच्या अंकात जागतिक घडामोडींवर जे लेख आहेत, त्यांच्या लेखकांना संपादकांनी एकच अट घातली होती. लेखाखाली लिहून संपल्याची तारीख घालायची. काहींनी कुरकूर केली, कारण दिवाळीपर्यंत जग बदलले तर काय, ही भीती. जग बदलणारच.

संपादकीय हा अंकाचा शेवटचा फॉर्म. तो ऑक्टोबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात छपाईला जात आहे, आणि लेखकांना घातलेली अट संपादकांनाही लागू आहे. म्हणून त्यांची मते इथे नोंदवून ठेवावी हे बरे. गाझातील तोफा ट्रम्प यांच्या योजनेमुळे थांबतील, पण तिथला कारभार कोणी पाहायचा हा प्रश्न पुढच्या दिवाळीलाही उघडाच असेल. युक्रेनमध्ये सही झालीच तर ती शस्त्रसंधीवर होईल, तहावर नाही. भारतीय मालावर अमेरिकेने २७ ऑगस्टपासून लादलेला ५० टक्के कर वर्षभर याच दराने टिकणार नाही. मात्र तो उतरेपर्यंत सूरत आणि मुंबईच्या हिरे-दागिन्यांच्या कारागिरांचे जे काम जाईल, ते सगळे परत येणार नाही. सिंधू जलकरार स्थगित झाला असला, तरी पाणी वळवायला धरणे आणि कालवे लागतात. चिनाबचे पाणी वळवल्याची बातमी पुढच्या वर्षी कोणी दिली, तर ती आधी तपासून घ्यावी.

वाचकांनीही आपली मते पाठवावीत. पत्रावर नाव, गाव आणि तारीख असावी. मजकूर स्वतःचा असावा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला पुढे ढकललेला नको. निवडक पत्रे पुढच्या दिवाळी अंकात एका अक्षराचाही बदल न करता छापली जातील, आणि ज्यांचे अंदाज सपशेल चुकतील त्यांचीही.