घामातून मीठही जातं

मे महिना लागला की भिलाईत जो तो एकच सांगतो: पाणी भरपूर पी. सल्ला खरा आहे, पण अर्धाच. उरलेला अर्धा मिठाचा. नौतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस, सुरू होण्याआधी तो प्रत्येक घरात आणि प्रत्येक ठेकेदाराच्या कानावर जावा, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

इथल्या पोलाद कारखान्यात कोक ओव्हन किंवा ब्लास्ट फर्नेसवरची पाळी संपवून आलेल्या माणसाचा शर्ट जरा जवळून बघा. घाम वाळला की पाठीवर आणि काखेत पांढऱ्या रेघा उमटतात. ते मीठच. एक लिटर घामासोबत साधारण दोन-तीन ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट अर्धा चमचा मीठ अंगातून जातं. कुणाचं त्याहून कमी, कुणाचं बरंच जास्त. भट्टीजवळ अंगमेहनत करणाऱ्याचा तासाभरात लिटरभर घाम सहज निघतो. घाम यायलाच हवा, कारण तो लिटर अंगावर वाळताना जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. घाम आला नाही तर माणूस आतून तापत जाईल. पण गेलेलं भरून काढताना आपण पाणी तेवढं भरतो आणि मीठ विसरतो.

मिठाचं एवढं काय, असं विचाराल. मोठ्या माणसाच्या वजनाचा साठ टक्क्यांच्या आसपास भाग पाणी आहे, पण ते खारं पाणी आहे. रक्तात लिटरमागे सोडियम १४० मिलिमोलच्या आसपास असतं आणि पोटॅशियम जेमतेम चार. पेशीच्या आत नेमकं उलट: पोटॅशियम भरपूर, सोडियम थोडं. पेशीच्या आवरणात एक पंप रात्रंदिवस चालू असतो. दर फेरीला सोडियमचे तीन आयन बाहेर काढतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो. डेन्मार्कच्या येन्स स्को यांनी १९५७ मध्ये तो दाखवून दिला आणि १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. नसांतून जाणारा संदेश, स्नायूचं आकुंचन, हृदयाचा ठोका, सगळं या आत-बाहेरच्या फरकावर चालतं.

आता घामाने मीठ गेलं आणि वरून तांब्यामागून तांब्या साधं पाणी पोटात गेलं, तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. पोटऱ्यांत गोळे येतात, डोकं दुखतं, मळमळतं. फारच उतरलं तर माणूस बरळतो, झटकेही येतात. ब्रिटनमधल्या खोल, तापलेल्या कोळसा खाणींत १९२० च्या दशकात हे गोळे नेहमीचे होते. पिण्याच्या पाण्यात थोडं मीठ घालून दिलं तेव्हा ते आटोक्यात आले.

आपल्या छत्तीसगडाने याचं उत्तर न्याहारीतच ठेवलं आहे. रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी मीठ, गोंदली (कांदा), हिरवी मिरची आणि भाजीसोबत खाल्लेली बासी म्हणजे पाणी, मीठ आणि ताकद एकाच वाडग्यात. १ मे २०२२ च्या कामगार दिनी राज्य सरकारने सगळ्यांना बोरे-बासी, म्हणजे असाच भिजवलेला भात, खाण्याचं आवाहन केलं होतं, ते मला मनापासून पटलं. डब्यात बासी आणणाऱ्या हेल्परकडे कुणी हलक्या नजरेने बघू नये. फक्त भिजवायला पाणी स्वच्छ घ्या, भांडं झाका आणि सकाळीच संपवा. आपल्या मराठी घरांत तांदळाची पेज, ताक, कैरीचं पन्हं आहेच. त्यात चिमूटभर मीठ आठवणीने घाला.

जुलाब-उलट्यांत मात्र अंदाजपंचे चालत नाही. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांत पटकी पसरली आणि बनगावच्या छावणीत सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून नातेवाइकांच्या हातून रोग्यांना पाजलं. तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू तीन टक्क्यांच्या आसपास उतरले. यात साखर चवीसाठी नाही. आतड्यात ग्लुकोज सोडियमला सोबत घेऊनच आत शिरतं, आणि त्या दोघांमागून पाणी ओढलं जातं. म्हणून प्रमाण महत्त्वाचं.

असंच मोजून बनवलेलं मिश्रण म्हणजे ओआरएस. त्याचं पाकीट पूर्ण फोडा आणि त्यावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात कालवा. पेल्यात अर्धी पुडी ओतून 'थोडं थोडं देऊ' असं करू नका. दाट झालेल्या पाण्याने मुलाचा जुलाब वाढतो. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्या. दुकानातली नुसती ग्लुकोज पावडर किंवा गोड डबाबंद पेय म्हणजे ओआरएस नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर 'ओआरएस' लिहायला देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ती याचसाठी. पाकीट घेताना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख शोधा.

हे वाचून सगळ्यांनीच मीठ वाढवू नये. दिवसभर पंख्याखाली किंवा एसीत बसणाऱ्याला जेवणातलं मीठ पुरून उरतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आतच राहा म्हणते. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर ओआरएस, इतकंच काय नारळपाणीसुद्धा, डॉक्टरांना विचारूनच घ्या. मूत्रपिंड थकलेलं असेल तर जास्तीचं पोटॅशियम हृदयाला झेपत नाही.

आणि ठेकेदारांना, सुपरवायझरांना हात जोडून सांगणं: साइटवर नुसता माठ ठेवून भागत नाही. माठाजवळ ओआरएसची पाकिटं आणि मापाची बाटली ठेवा, सावलीत बसायला वेळ द्या. अंग तापून कुणी असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध पडला तर त्याच्या तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाईल. त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, वारा घाला, आणि हे चालू असतानाच १०८ ला फोन लावा.