बालाजी घाटावरचा नावाडी आणि दहा वर्षांतली तीन इंधने

11 डिसेंबर 2025 रोजी वाराणसीच्या नमो घाटावरून हायड्रोजनवर चालणारी देशातली पहिली स्वदेशी प्रवासी नौका व्यावसायिक सेवेत दाखल झाली. चोवीस मीटर लांबीची, दुहेरी सांगाड्याची, पन्नास प्रवाशांची ही नौका कोचीन शिपयार्डने बांधली आणि तिच्या इंधनघटाच्या तंत्रज्ञानात पुण्याच्या केपीआयटीचा सहभाग आहे. मराठी वाचकाला अभिमान वाटावा अशीच ही बातमी. परंतु त्याच घाटांच्या रांगेत, मणिकर्णिकेच्या पुढे, भोसले घाट आणि पंचगंगा घाट यांच्या दरम्यान बालाजी घाट आहे. पेशव्यांच्या काळाशी नाते सांगणारा हा घाट, आणि इथल्याच बालाजी मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी वर्षानुवर्षे सनईचा रियाज केला. तेथे नाव बांधून गिऱ्हाइकाची वाट पाहणाऱ्या नावाड्याला या बातमीत स्थान कोठे, हा प्रश्न कोणी विचारलेला दिसत नाही.

या नावाड्याने गेल्या दहा वर्षांत तीन इंधनांची उद्घाटने पाहिली आहेत. 1 मे 2016 रोजी अस्सी घाटावर पंतप्रधानांच्या हस्ते विजेवर चालणाऱ्या नावांचे लोकार्पण झाले. त्यानंतर पाचेक वर्षांनी डिझेलच्या नावा सीएनजीवर आणण्याची मोहीम निघाली. गेलने त्यासाठी पैसा पुरवला आणि खिडकिया घाटावर, म्हणजे आजच्या नमो घाटावर, पाण्यावर तरंगणारे गॅसकेंद्र उभे राहिले. आता हायड्रोजन. विजेची नाव घाटांच्या अंगवळणी पडली असती, तर सीएनजीची एवढी मोठी मोहीम काढण्याची वेळच आली नसती, हे अनुमान सरळ आहे.

सीएनजीने काही साधले नाही असे मात्र कोणी म्हणू नये. डिझेलचा काळा धूर, पाण्यावर पसरणारा तेलाचा तवंग आणि पंपाच्या इंजिनाचा कानठळ्या बसवणारा आवाज हे सारे कमी झाले. तरीही सीएनजी हे जीवाश्म इंधनच आहे. शिवाय डिझेलचे इंजिन दाबाने पेटते, सीएनजीला ठिणगी लागते. डिझेलच्या इंजिनाची नस आणि नस ओळखणारा घाटावरचा मिस्त्री या एका फरकाने एका रात्रीत अडाणी ठरतो. ऊर्जासंक्रमणाच्या अहवालांत कार्बनची बेरीज-वजाबाकी असते, मिस्त्रीच्या या निवृत्तीची नोंद नसते. यंत्र बंद पडले की नाव कंत्राटदाराच्या तंत्रज्ञाची वाट पाहत किनाऱ्याला लागते, आणि हंगामातला एक दिवस बुडणे म्हणजे काय हे नावाड्याच्या घरातच कळते.

हायड्रोजनच्या बाबतीत हे अंतर आणखी वाढते. इंधनघटातील प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाला कार्बन मोनॉक्साइडचा दशलक्षांश भागांतला अंशही बाधतो, त्यामुळे वायू अतिशुद्ध हवा. तो प्रचंड दाबाखाली साठवावा लागतो. पाण्याचे विघटन करून एक किलो हायड्रोजन मिळवायला सुमारे पन्नास ते पंचावन्न युनिट वीज खर्ची पडते, आणि त्या हायड्रोजनपासून पुन्हा वीज मिळवताना मूळ विजेचा जेमतेम तिसरा हिस्सा हाती उरतो. लांब पल्ल्याच्या मालवाहू जहाजाला हा व्यवहार परवडेलही. अस्सी ते नमो घाट हे अंतर सहा-सात किलोमीटरांचे. तेवढ्यासाठी बॅटरीच पुरेशी आहे, असे म्हणायला कोणा तज्ज्ञाची गरज नाही.

मग बॅटरीची नाव रुजली का नाही? तंत्रज्ञान अशक्य होते म्हणून नव्हे, कारण केरळात ते चालून दाखवले आहे. वैकम ते तवणक्कडवू या जलमार्गावर जानेवारी 2017 पासून ‘आदित्य’ ही पंचाहत्तर प्रवाशांची सौर नौका धावते आहे. वाराणसीच्या नावांनंतर अवघ्या काही महिन्यांनी ती पाण्यात उतरली. तिच्यामागे राज्याचे जलवाहतूक खाते आहे, रोज तीच फेरी करणारे कर्मचारी आहेत, दुरुस्तीची रीत आहे. अस्सी घाटावर नाव दिली गेली. नाव सांभाळण्याचे शहाणपण एका नावाड्याकडून दुसऱ्याकडे जाण्याची वाट कोणी आखली नाही.

ही वाट म्हणजे काही नवलाची गोष्ट नव्हे. महाराष्ट्रात शेतकऱ्यांची शिवारफेरी तेच करते. नाशिकच्या द्राक्षबागायतदारांनी छाटणी आणि औषधफवारणी जेवढी एकमेकांच्या बागेत उभे राहून आत्मसात केली, तेवढी पुस्तकातून केली नसेल. हिवरे बाजारला बसगाड्या भरून माणसे जातात ती भाषणासाठी नव्हे, तर आपल्यासारख्याच गावाने हे केले याची डोळ्यांनी खातरजमा करायला. डेन्मार्कच्या सामसो बेटावर 1997 नंतर शेतकऱ्यांनी भागीदारीत पवनचक्क्या उभारल्या, आणि पुढे त्या बेटाने स्वतःची ऊर्जा अकादमी काढून बाहेरच्यांना हा अनुभव खुला केला. कॅलिफोर्नियात बॉलिंजर आणि गिलिंगहॅम या संशोधकांनी 2012 मध्ये दाखवून दिले की, एखाद्या पिनकोडाच्या परिसरात छतावर सौर पॅनेल बसवलेले एक घर वाढले की तेथील पुढच्या घराने पॅनेल बसवण्याची शक्यता 0.78 टक्का-बिंदूंनी वाढते. अनुदानाचा आकडा तोच असताना शेजाऱ्याचे छत हे काम करते.

सर्वांत कठीण भाग येथे येतो. शेजाऱ्याचे अनुकरण आपोआप होते. पण शेजाऱ्याकडून शिकणे आपोआप होत नाही. वाराणसीत नावाड्यांचे घाट वाटून घेतलेले असतात, गिऱ्हाइकांवरून ताण असतो आणि मोठ्या क्रूझ नौका आल्या तेव्हा निषाद समाजाने आंदोलनही केले. जो आपले गिऱ्हाईक पळवील अशी भीती आहे, त्याला कोणी बॅटरी जपण्याची युक्ती का सांगावी? नुसते ‘प्रशिक्षण शिबिर’ भरवून हा अविश्वास जात नाही. चार्जिंगची जागा, सुटे भाग आणि दुरुस्तीचा खर्च सामायिक असेल तरच एकाची नाव बंद पडणे दुसऱ्याच्याही खिशाला लागते, आणि तेव्हाच ज्ञान वाटून घेण्यात हित दिसू लागते. म्हणून सहकारी संस्था आधी आणि यंत्र नंतर हा क्रम असायला हवा. आजवर तो प्रत्येक वेळी उलटा राहिला.

हायड्रोजन नौकेला विरोध करण्याचे कारण नाही. पुण्याने आणि कोचीने येथे जे कमावले ते समुद्रावर उपयोगी पडेल. पण गंगेतल्या शेकडो छोट्या नावांचा प्रश्न तिने सुटत नाही. दर पावसाळ्यात पाणी चढते, बालाजी घाटाच्या पायऱ्या बुडतात आणि प्रशासन नौकानयन बंद करते. नावाडी कित्येक आठवडे रिकामा बसतो. त्याच काळात घाटांवरचे दहा-बारा नावाडी आणि चार मिस्त्री मजुरी देऊन वैकमला धाडावेत, ‘आदित्य’च्या कर्मचाऱ्यांसोबत महिनाभर राहू द्यावेत आणि पाणी उतरल्यावर पहिली सौर नाव त्यांच्याच हाती, त्यांच्याच संस्थेच्या मालकीने सोडावी. पुढचे लोकार्पण ठरवण्यापूर्वी एवढी तरतूद करणे वाराणसीच्या महापालिकेला अवघड नाही.